जुन्या हॉटेलातला सुइट हाती घेताना: साइटवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

"जुनेपण तर राहिलंच पाहिजे, पण सगळं कसं नवीन वाटलं पाहिजे." नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यात हॉटेल चालवणारे मालक पहिल्या भेटीत हे वाक्य बोलतातच. चहा येतो, भिंतीवरचा आजोबांचा फोटो दाखवला जातो आणि उठता उठता हळूच प्रश्न येतो, "हिवाळी अधिवेशनाच्या आत होऊन जाईल ना?"

कामाची सगळी ओढाताण या दोन वाक्यांत आहे. हे लिहितोय ते सिव्हिल किंवा इंटिरिअर शिकून नुकतेच साइटवर उभे राहू लागलेल्या मुलामुलींसाठी. तुळई किती वजन पेलेल, पाया खचलाय का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच विचारायचं. मी सांगतोय ते ड्रॉइंगमध्ये सापडत नाही आणि साइटवर शिकेपर्यंत कोणाच्या तरी पैशाचं नुकसान होतं, असं.

पहिली पायरी: टेप काढण्याआधी तिथे झोपा

खरंच झोपा. शक्य असेल तर मे महिन्यात, एसी बंद ठेवून, जवळ एक वही घेऊन. माझ्या एका जुन्या वहीत असं लिहिलेलं आहे: "रात्री ११, पश्चिमेची भिंत हाताला गरम. १.३०, मालगाडीचा आवाज बाथरूमच्या खिडकीतून, बेडरूमच्या नाही. पहाटे ४, वरच्या झरोक्यातून वारा. सकाळी ९, थंड नळाला कोमट पाणी. दुपारी २, थंड नळाला चहाचं पाणी."

या पाच ओळींवर पुढचे सहा महिने काढले. दोन फुटी भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते खोलीत सोडते. ज्यांनी ती बांधली त्यांना हे ठाऊक होतं, म्हणून सोळा-सोळा फूट उंची, छताजवळ दोरीने उघडणारे झरोके आणि पश्चिमेला खोल व्हरांडा. गरम हवा वर जाऊन बाहेर पडावी, ही त्या खोलीची यंत्रणा. आपण जाऊन आधी तीच बंद करतो. कसं, ते पुढे येईल.

दुसरी पायरी: नोंद

प्रत्येक दार, खिडकी, बिजागरी, कडी, फरशीचा प्रत्येक पट्टा यांना नंबर द्या. खडूने नको, पुसतो. कापडी चिकटपट्टी आणि मार्कर वापरा. उतरवलेल्या बिजागऱ्या आणि त्यांचे स्क्रू त्याच दाराच्या नंबराच्या कापडी पिशवीत. जुन्या दाराची बिजागरी शेजारच्या दाराला बसत नाही. शंभर वर्षांत प्रत्येक दार आपापल्या चौकटीत वेगळं झिजलेलं असतं. हे न करता सुताराच्या हाती सगळा ढीग देऊन बघा, तो आठवडाभर रंधा मारत बसेल आणि सागवानाचा भुसा तुमच्या नावावर जाईल.

रंगाची शिडी काढायला शिका. दारामागचा वीतभर कोपरा निवडायचा, धारदार ब्लेडने इंचभर रुंदीत एक थर सोलायचा, त्याच्या शेजारी दोन थर, मग तीन, अशा पायऱ्या करत चुन्यापर्यंत जायचं. एका सुइटमध्ये मला वरून पांढरा प्लास्टिक पेंट, त्याखाली शाळेतल्या भिंतीसारखा पोपटी ऑइलपेंट, मग पिवळट डिस्टेंपर आणि सगळ्यात खाली नीळ टाकलेला फिकट चुना मिळाला. उजेडात तो निळा दिसत नव्हता, थंड दिसत होता. नवा रंग तोच ठरला, डिझायनरला वेगळी फी न देता. मात्र जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायची दाट शक्यता. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम २०१६ चा, लागू झाला २०१७ मध्ये. त्याआधीचे थर कोरडे घासू नका, मशिनने तर मुळीच नाही. ओलं करून खरवडायचं, मास्क लावायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं.

भिंतीत छताजवळ आरपार गेलेलं, अंगठ्याएवढं गुळगुळीत भोक दिसलं तर बुजवू नका. ते झालरीच्या पंख्याच्या दोरीचं. पंखा खोलीत हलायचा आणि तो ओढणारा माणूस बाहेर व्हरांड्यात बसायचा. आमच्या इलेक्ट्रिशियनने त्याच भोकातून वायफायची केबल नेली. एक छिद्र वाचलं.

तिसरी पायरी: काय राहील, काय जाईल, आणि परवानगी

वहीत तीन रकाने करा: राहील, दुरुस्त होईल, जाईल. "जाईल" रकाना सगळ्यात लहान नसेल तर यादी पुन्हा करा. त्यानंतर वास्तू हेरिटेज यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत, हे महापालिकेत जाऊन बघा. पहिल्या श्रेणीत अगदी अत्यावश्यक तेवढंच करू देतात, दुसऱ्या श्रेणीत आतले बदल छाननीनंतर होऊ शकतात, तिसऱ्या श्रेणीत मोकळीक जास्त. हेरिटेज समितीपुढे जाताना रंगवलेली थ्रीडी चित्रं कमी आणि जुन्या-नव्याचं मोजमाप केलेलं ड्रॉइंग जास्त न्या. अग्निशमनवाल्यांनाही याच टप्प्यावर भेटा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा परवानाधारक एजन्सीकडूनच बसवावी लागते आणि ती चालू असल्याचं प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, द्यावं लागतं. सोळा फूट उंच छताला लावलेला स्मोक डिटेक्टर पुसायला कोण, कोणत्या शिडीवर चढणार, ते आत्ताच ठरवा.

बजेटमध्ये "उघडल्यावर कळेल" नावाची एक ओळ ठेवा. मी एकूण खर्चाच्या वीस ते पंचवीस टक्के धरतो. मालक ती ओळ खोडतात, मी पुन्हा लिहितो.

चौथी पायरी: पंचांग

नागपुरात कामाचं वेळापत्रक बार चार्टवर नाही, पंचांगावर बसतं. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

हॉटेल भरलेलं असतं कधी? दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी होते तेव्हा. डिसेंबरमध्ये अधिवेशनाला. लग्नसराईत. शिवाय ताडोब्याला जाणारे पाहुणे ऑक्टोबरपासून जूनअखेरपर्यंत येत-जात असतात. रिकामं असतं ते फक्त पावसाळ्यात, म्हणून मालक म्हणतात पावसाळ्यात काम करा. पण पावसाळ्यात छत उघडता येत नाही आणि लाखेचं पॉलिश चढत नाही. दमट हवेत हा चपडा (लाखेचा द्राव) मारला की लाकडावर दुधासारखी पांढरी झाक येते आणि सगळं काढून पुन्हा करावं लागतं. उन्हाळ्यात करावं तर ४५ अंशांत चुन्याचा गिलावा सकाळी मारला की दुपारपर्यंत तडकतो.

मी असं बसवतो. एप्रिल-मेमध्ये उतरवणं आणि छत. कौलं, वासे, पन्हळी सगळं मृग लागायच्या आत बंद झालं पाहिजे. सात जून ही माझ्यासाठी तारीख नाही, धमकी आहे. जुलैत पाइप आणि वायरी. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर गिलावा: हवा ओलसर असते, पाणी मारायला सोपं जातं. रंधा आणि फिटिंग आधी उरकून पॉलिश मात्र दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत. म्हणजे अधिवेशनाच्या अगदी तोंडावर पॉलिशचा वास. म्हणून हॉटेलात चार सुइट असतील तर चारही एकदम घेऊ नका. या वर्षी दोन, पुढच्या वर्षी दोन. मालक कुरकुरतात, मुंबईच्या ताजचं उदाहरण देतात. तेव्हा मीही ताजचंच देतो: नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर तिथली जुनी पॅलेस विंग पुन्हा उघडली ती १५ ऑगस्ट २०१० ला. पैसा, माणसं, अख्ख्या देशाचं लक्ष, सगळं असून.

पाचवी पायरी: भिंत

भिंतीवर पांढरी बुरशीसारखी पूड आली, रंगाचे पापुद्रे सुटले, की आपल्याकडे म्हणतात लोणा लागला. मिस्त्री लगेच सांगतो, "साहेब, चुन्यात काय ठेवलं आहे? खालचे तीन फूट सिमेंट मारून देतो, चार दिवसांत होऊन जाते." होऊन जातंच. दोन पावसाळ्यांनंतर ओल तीन फुटांच्या वर, पाच फुटांवर दिसते. जुनी वीट आणि चुना पाणी शोषतात आणि बाहेर सोडतात. सिमेंटने तोंड दाबलं की पाणी जिथे वाट मिळेल तिथवर चढतं, आणि सिमेंटमधले क्षार त्यात भर घालतात ते वेगळंच.

तेव्हा आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. निम्म्या वेळा उत्तर भिंतीत नसतंच. जोत्याला टेकून कोणीतरी गुलाबाचा वाफा केलेला असतो, एसीचं पाणी एका जागी ठिबकत असतं, पन्हळीचा तुकडा गळून पडलेला असतो. ते थांबवा. सिमेंटचा थर छिन्नीने हळू काढा, भिंत एक उन्हाळा उघडी ठेवा, मऊ ब्रशने क्षार झाडत राहा. धुवायचं नाही, धुतलं की क्षार परत आत जातात.

मग चुना. पाण्याखाली निदान महिनाभर मुरलेला हवा; बोटाने दाबला तर लोण्यासारखा, आत कचकच नको. कन्हान नदीची वाळू चाळून, नीट भाजलेल्या विटेची सुरखी, म्हणजे पूड. साधारण एक भाग चुन्याला तीन भाग वाळू-सुरखी हे प्रमाण धरतात, पण आंधळेपणाने नको. जुन्या गिलाव्याचा मूठभर खडा वाळवून वजन करा, पातळ ॲसिडमध्ये टाका; चुना फसफसून विरघळतो, वाळू आणि सुरखी तळाला राहते. ती धुऊन, वाळवून पुन्हा वजन केलं की आधीच्या गवंड्याचं प्रमाण हाती येतं. बेलफळाचा गर, गूळ, मेथी, हिरडा यांबद्दल प्रत्येक जुना गवंडी वेगळं सांगेल. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा हातभर नमुना करून घ्या आणि पंधरा दिवस बघा. गिलावा मारल्यावर निदान आठवडाभर ओली गोणपाटं. चुना सिमेंटसारखा पाण्याने घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगड होतो, त्यासाठी त्याला ओल लागते.

भेगांचं वेगळं. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, तिच्याबरोबर जुनी भिंतही हलते. भेग दिसली की बुजवू नका. तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवा, तारीख लिहा. काच तडकली तर भेग अजून चालते आहे, इंजिनिअरला फोन करा. वर्षभर काच शाबूत राहिली तर भरा, चुन्यानेच. दर्शनी दगड बदलायचा असेल तर रंगाबरोबर जातही जुळवा. नागपूरचं रेल्वे स्टेशन १९२५ साली सावनेरच्या वालुकाश्मात उभं राहिलं, तसलाच दगड या भागात बऱ्याच ठिकाणी सापडतो. त्याच्या शेजारी राजस्थानचा गुलाबी दगड ठिगळासारखा दिसतो.

सहावी पायरी: थंडावा

माझी चूक सांगतो. पहिल्याच कामात एसीची हवा जाऊ नये म्हणून मी झरोके प्लायने बंद केले आणि साडेनऊ फुटांवर फॉल्स सीलिंग टाकलं. उन्हाळा झकास गेला. ऑगस्टमध्ये एका पाहुण्याने कपाट उघडलं आणि त्याच्या काळ्या कोटाच्या खांद्यावर हिरवट बुरशी. एसी १८ वर, भिंत गार, कपाट भिंतीला चिकटून, दमट हवेला बाहेर जायला जागा नाही: पाणी तिथेच धरणार. कोटाचे पैसे दिले, सीलिंग काढलं.

वीस बाय अठराची खोली सोळा फूट उंच असेल तर ५,७६० घनफूट हवा, दहा फूट उंच असेल तर ३,६००. हा फरक दाखवून एसीवाला सीलिंग विकतो. पण पाहुणा खालच्या सात फुटांतच वावरतो आणि थंड हवा आपोआप खाली बसते. युनिट बैठ्या कपाटात ठेवा, हवा आडवी सोडा, वरची गरम हवा वरच राहू द्या. झरोक्यांना दुहेरी काचेची फिरती झडप आणि जुनी दोरी. कपाटामागे दोन इंच फट सोडा. व्हरांड्याला वाळ्याचे पडदे. मेच्या कोरड्या हवेत ते काम करतात, जुलैत नाही, तेव्हा गुंडाळून ठेवायचे. आणि गच्चीवरच्या टाकीवर सावली करा, पाइपला वेष्टण घाला. शॉवरचा संगमरवर पाहुणा विसरतो, थंड नळातून आलेलं उकळतं पाणी विसरत नाही.

सातवी पायरी: न्हाणीघर

अशा बंगल्यांत न्हाणीघराला मागून एक अरुंद दार असतं, बाहेर लोखंडी जिना. सफाई करणाऱ्या माणसाने साहेबाच्या खोलीतून ये-जा करू नये म्हणून ते. एका डिझायनर बाईंना त्यावर पितळी पाटी लावून "हेरिटेज दार" म्हणायचं होतं. मी म्हटलं, पाटी लावायची तर कशासाठी होतं तेही लिहा. पाटी लागली नाही. मी ते दार बुजवत नाही. आतून पाइपची शाफ्ट (पाइप नेणारी उभी पोकळी) करतो, म्हणजे गळती काढायला प्लंबरला पाहुण्याच्या पलंगाला वळसा घालावा लागत नाही.

टब म्हटला की आकडेमोड करा. अडीचशे लिटर पाणी म्हणजे अडीचशे किलो, त्यात बिडाचा टब आणि आत बसलेला माणूस. खाली लोखंडी गर्डरवर विटांच्या कमानी असतील तर टब खालच्या मजल्यावरच्या भिंतीच्या डोक्यावर येईल असा सरकवा किंवा नको म्हणा. वॉटरप्रूफिंगनंतर ४८ तास पाणी तुंबवून ठेवा आणि खालच्या खोलीत स्वतः जाऊन वर बघा. मुकादमाच्या "सूखा आहे साहेब"वर विश्वास नको.

आठवी पायरी: फरशी आणि लाकूड

नक्षीच्या सिमेंट टाइल्सचा रंग वरच्या काही मिलिमीटरमध्येच असतो. पॉलिशच्या मशिनने दोनदा घासलं की फुलं गेली. ॲसिड तर दारातून आतच येऊ देऊ नका. हाउसकीपिंगच्या खोलीतली बाटलीसुद्धा उचला. साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, धीर.

लाकूड आपल्या दारात आहे. चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान देशभर जातं, बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही गेलं. नागपूरच्या लाकूडबाजारात, लकडगंजात मात्र नवं, ओलसर लाकूड कोरडं म्हणून मिळू शकतं, ओलावामापक खिशात ठेवा. बारा टक्क्यांच्या वर असेल तर परत. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळालं तर सोन्याहून पिवळं, फक्त आतले खिळे मॅग्नेटने शोधा, नाहीतर करवतीचं पातं जातं. दाराला पावसाळ्यासाठी थोडी फट सोडा.

नववी पायरी: नवं काय आणायचं

बाहेरून येणाऱ्या प्रत्येक डिझायनरला नागपूर म्हटलं की दोनच गोष्टी सुचतात, संत्रं आणि वाघ. केशरी भिंत, वाघाचं पेंटिंग, पट्ट्यापट्ट्यांची उशी. ताडोब्याहून आलेल्या माणसाने खरा वाघ बघितलेला असतो किंवा बघायचा राहिलेला असतो. दोन्ही वेळा त्याला पलंगावर तो नको असतो.

त्यापेक्षा भंडाऱ्याला जा. तिथलं पितळ नावाजलेलं. मुठी, खुंट्या, दिव्यांच्या बैठका ओतून मिळतात, जुना नमुना घेऊन जायचा. पडद्यांना आणि उशांना करवती किनारीचा टसर. करवतीच्या दात्यांसारखी ती किनार एकदा हातात घेऊन बघा, मग वेगळं डिझाइन लागत नाही. पश्चिमेच्या खिडकीत टसर एकेरी लावू नका, दोन उन्हाळ्यांत फाटतो. मागे जाड सुती अस्तर हवंच. नव्या वस्तूला मुद्दाम जुनी करून दाखवू नका. टीव्ही टीव्हीसारखा असू दे, फक्त तो जुन्या भिंतीत खिळा न ठोकता उभा करा.

शेवटची पायरी: पुन्हा झोपा

एक सुइट पूर्ण करून थांबा. बाकीचे हातात घेण्याआधी त्यात तुम्ही एक रात्र, आणि जमलं तर मालकांच्या आई एक रात्र. आजींना जे कळतं ते आर्किटेक्टला कळत नाही. आमच्या त्या कामात आजी सकाळी व्हरांड्यात येऊन बसल्या, चहा घेतला, म्हणाल्या, "खोली छान झाली रे बाबा, झोप लागली. पण रात्री उठले तर दिव्याचं बटण दाराच्या मागे. आणि किटलीची वायर टेबलापर्यंत पोचत नाही, खाली बसून चहा करायचा का?"

माझ्या वहीत त्या रात्रीच्या नोंदी वेगळ्या होत्या. पश्चिमेची भिंत ११ वाजता कोमट, पूर्वीसारखी गरम नाही. झरोक्याची झडप वाऱ्याने आपटते, रबर लावणे. मालगाडीचा आवाज अजून बाथरूममधूनच. एसीचा हिरवा दिवा थेट डोळ्यांत, काळी पट्टी चिकटवणे. दार क्रमांक ३ खालून घासतंय, सुताराला आठ वाजता रंधा घेऊन बोलावणे.

तो साडेनऊला आला.